बेचिराख गावच्या इंदूअक्का

आमच्या सोसायटीत दोन गोष्टींच्या वाटेला सहसा कुणी जात नसे. एक म्हणजे मागच्या भिंतीपलीकडचं पडकं देऊळ, आणि दुसऱ्या इंदूअक्का. देवळात नाग आहे अशी वदंता होती. अक्कांच्या बाबतीत वदंतेची गरज नव्हती, त्या प्रत्यक्षच बोलायच्या. पार्किंगमध्ये गाडी तिरकी लावणारा, लिफ्टमध्ये फोनवर ओरडणारा, उठताबसता 'आमच्या पुण्यात असं नसतं' म्हणणारी (ही मी), अशी सगळी मंडळी एकदा तरी त्यांच्या तोफेच्या तोंडी जाऊन आलेली होती.

त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. अजूनही सोसायटीच्या ग्रुपवर कुणी काही ठोकून दिलं की मला वाटतं, आता खाली अक्कांचा मेसेज येणार. त्यांचे प्रश्न दोनच असायचे. "कुणी सांगितलं? कशावरून?" या दोन प्रश्नांनी त्यांनी कितीतरी आयुर्वेदिक काढे, भूकंपाची भाकितं आणि एक अख्खं वास्तुशास्त्र संपवलं होतं.

अक्का निपाणीच्या. पूर्ण नाव इंदुमती कोगनोळे. ऐन विशीत बेंगळूरला आल्या आणि विमानांचे भाग बनवणाऱ्या एका सरकारी कारखान्यात ट्रेसर म्हणून लागल्या, म्हणजे इंजिनिअरांनी काढलेली ड्रॉइंगं शाईने गिरवायचं काम. निवृत्त झाल्या तेव्हा तेच ड्रॉइंग ऑफिस त्यांच्या हाताखाली होतं. लग्न केलं नाही. का केलं नाही असं विचारलं तर म्हणायच्या, "स्केल जमलं न्हाई." घरात मराठी, बाहेर कन्नड, आणि दोन्हींचा वापर समोरच्याला गप्प करण्यासाठी.

हेब्बाळचा पूल ओलांडून विमानतळाच्या रस्त्याला लागलं की आतल्या बाजूला एक तळं आहे. तळ्याच्या अलीकडे आमचे टॉवर, पलीकडे होसहळ्ळी नावाचं जुनं खेडं. टॉवर आणि तळं यांच्या मधल्या सरकारी पडीक जागेत ते देऊळ. आसपासचे लोक त्या जागेला हाळूरु म्हणत, म्हणजे ओसाड गाव. गावाचं म्हणाल तर घर नाही, विहीर नाही, जोत्याचा दगडही नाही. फक्त देऊळ. चार खांबांचा मंडप, छतात एक दगडी कमळ, आत गाभारा, आणि गाभाऱ्यात देवाशिवाय नुसतं दगडी पीठ.

मी तिथे पहिल्यांदा गेले ती पुण्याहून आलेल्या नणंदेला फोटो काढून द्यायला. मंडपात शिरलो तर जमिनीवर एक पांढऱ्या केसांची बाई उताणी पडलेली. नणंद किंचाळली. बाई हलली नाही. छताकडे बघत म्हणाली, "वराडू नको. वटवाघळं उठतील. तू गं पुण्याची, ये हिकडं, टेप धर. ढिली न्हाई धरायची. आणि आधी चपला काढून ये जा दोघी."

"पण इथं देव नाहीये ना?" नणंद म्हणाली.

"घरात माणूस नसलं म्हणून तू त्याच्या स्वयंपाकघरात चपला घालून जातीस काय?"

नणंदेने चपला काढल्या. नंतर पाऊणएक तास आम्ही दोघींनी टेप धरली. फोटो राहिलेच. त्या दिवसापासून मी अक्कांची टेपवाली झाले ती कायमचीच. दर रविवारी सकाळी खालून हाक यायची, "ए पुण्याची!" माझं नाव त्यांना माहीत होतं. त्यांनी ते वापरलं मात्र कधीच नाही.

अक्का ते देऊळ काढत होत्या. म्हणजे कागदावर. एकेक खांब, एकेक थर, एकेक चीर. कारखान्यात नटबोल्ट काढायच्या त्याच पद्धतीने. त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी मला पहिल्याच रविवारी ऐकवला. "जे दिसतं ते सलग रेघेनं. जे दिसत न्हाई पण असणार असं आपल्याला वाटतं, ते तुटक रेघेनं. तुटक रेघेत लाज न्हाई. तुटक ठिकाणी सलग मारलीस, तर मात्र विमान पडतं."

हा नियम अक्का देवळापुरता ठेवत नसत. कुणी म्हणालं, शेजारचा मुलगा अमेरिकेत फार मोठ्या हुद्द्यावर आहे, की अक्का हवेत बोटानं तुटक रेघ मारायच्या. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, तुमचं हृदय अजून वीस वर्षं चालेल, तर दवाखान्यात डॉक्टरांसमोर मारली.

देवळासमोर एक शिलालेख होता, अर्धा जमिनीत आणि वरचा भाग झिजलेला. एका जाणकाराला आणून अक्कांनी तो वाचून घेतला. जुन्या कन्नडात कुणीतरी देवापुढच्या नंदादीपाच्या तेलासाठी तळ्याच्या पाण्यावर भिजणारी जमीन दिल्याचं त्यात होतं. देणाऱ्याचं नाव झिजून गेलेलं. राजाचं नाव असायला हवं तिथे दगडाचा टवकाच उडालेला. जाणकार म्हणाले, अक्षराच्या वळणावरून अमुक घराण्याचा काळ असावा. अक्कांनी कागदावर ते तुटक रेघेच्या चौकटीत लिहिलं. मी म्हटलं, "अक्का, एवढे मोठे जाणकार सांगतायत." तर म्हणाल्या, "ते पण 'असावा' म्हणाले की. 'आहे' न्हाई म्हणाले. शहाणा माणूस हाय."

पूजाअर्चा करणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. एकदा टॉवरमधल्या एका तरुण जोडप्याने मोकळ्या पीठावर दुधाची पिशवी फोडून अभिषेक सुरू केला. अक्का टेप गुंडाळत म्हणाल्या, "देव गेलेत बाळा. दूध कुणाला पाजालास? मुंग्यांना पाजायचं असलं तर बाहेर पाज." जोडपं खजील झालं. मग अक्कांनीच बादलीभर पाणी आणून पीठ धुतलं, पदराने टिपून कोरडं केलं, आणि पुसता पुसता पीठाच्या खाचेवरून बोट फिरवून मला दाखवलं. "हे बघ. कडा शाबूत हायत. फोडून नेलेल्याची खूण वेगळी आणि उचलून नेलेल्याची वेगळी. ह्यो देव कुणीतरी सावकाश, हातानं उचललाय."

हे वाक्य त्यांनी तेव्हाच नीट ऐकलं असतं तर पुढचं रामायण घडलं नसतं. पण माणूस स्वतःचं बोलणं ऐकतो कुठे?

दुसरा प्रसंग रंगाचा. सोसायटीच्या असोसिएशनचे अध्यक्ष होते सबनीससाहेब. मूळचे सोलापूरचे, मोठ्या संशोधनसंस्थेतून निवृत्त झालेले, आवाज खणखणीत. त्यांच्यावर अन्याय नको करायला. देवळाभोवतीचं काँग्रेस गवत त्यांनी स्वतः वाकून उपटलं होतं, हाताला फोड येईपर्यंत. देवळावर त्यांचा जीव होता. फक्त जीव होता म्हणून त्यांना ते नटवावंसं वाटे. एका सणाच्या आधी त्यांनी रंगारी पाठवले, खांबांना पिवळा ऑइलपेंट आणि कमळाला गुलाबी.

अक्का दारात पाय पसरून बसल्या. "रंगवा. माझ्या पायापासनं सुरुवात करा. नखांना गुलाबी लावा."

रंगाऱ्यांनी सबनीसांना फोन लावला. सबनीस आले, चिडले, समजावू लागले, थकले. दुपारपर्यंत रंगाऱ्यांनी अक्कांच्या डब्यातलं भडंग संपवलं आणि डबे उचलून निघून गेले. जाताना एकजण अक्कांच्या पाया पडला. त्याने रंग लावला नव्हता, पण अक्कांना नमस्काराचा संशय आला असावा, कारण त्यांनी आधी पायाचं नख तपासलं.

अशी ही बाई. चुकायची नाही असं आम्ही सगळे धरून चाललो होतो, आणि तीही.

झालं असं की मागच्या भिंतीवरून सरकारशी वाद निघाला आणि मोजणीला एक सर्व्हेअर आला. अक्कांनी त्याला विचारलं, ह्या जागेचं गाव कुठलं? तो म्हणाला, "इदु बेचिराख ग्राम, अक्का." आणि पुढच्या खुंटीकडे गेला.

बेचिराख! मराठी माणसाला या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. त्यात राख ऐकूच येते. बॉम्ब पडून शहरं बेचिराख होतात, शत्रू येऊन गावं बेचिराख करतो. अक्का तिथे उभ्याच राहिल्या. ओसाड जागा, देवाविना गाभारा, एकही घर नाही, आणि आता हा शब्द. सगळं एकदम जुळलं. परक्या भाषेतला शब्द असता तर त्यांनी दहा जणांना "कशावरून?" विचारलं असतं. हा घरचा होता. घरच्या माणसाला कुणी ओळखपत्र मागतं का?

त्या वर्षी आमच्या मराठी घरांच्या गणपतीत अक्कांचं भाषण झालं. देवळाचा इतिहास. लोक चुळबुळत होते. पण "ह्ये गाव एकदा बेचिराख झालेलं हाय, सरकारदप्तरी तशी नोंद हाय" असं त्या म्हणाल्या आणि मंडप चिडीचूप झाला. एवढंच वाक्य. कुणी केलं, कधी केलं, एक अक्षर त्या बोलल्या नाहीत. पण सलग रेघ मारून बसल्या होत्या.

उरलेलं चित्र लोकांनी पुरं केलं. चार महिन्यांत गावाला आग लागली, मग आग लावणारं सैन्य आलं, मग सैन्याला धर्म मिळाला. कुणी पोस्ट टाकली, कुणी तिच्यावर तलवारी आणि ज्वाळा चिकटवल्या. सर्वात खाली न चुकता लिहिलेलं असे: माहिती, श्रीमती इंदुमती कोगनोळे.

देवळाच्या वाटेवर बाशाचं पंक्चरचं दुकान आहे. दुकान म्हणजे चार पत्रे, एक कॉम्प्रेसर आणि पाण्याची घमेली. टॉवर बांधायच्या आधीपासून ते तिथे आहे. अक्का त्याच्याकडे बसून चहा प्यायच्या आणि दखनी हिंदी बोलायचा प्रयत्न करायच्या, तेव्हा बाशा तोंडावर हात धरून हसायचा. त्या वर्षी असोसिएशनच्या बैठकीत पहिल्यांदा विषय निघाला, की देवळासमोर 'तसलं' दुकान बरं दिसत नाही. कुणीतरी मागून म्हणालं, "ज्यांनी जाळलं, त्यांनाच दाराशी बसवायचं का?"

अक्का त्या बैठकीत होत्या. मी त्यांच्या शेजारी होते. त्या उठून काही म्हणाल्या नाहीत, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. फक्त माझ्या कानाशी म्हणाल्या, "बाशानं काय केलंय गं? त्यो पंक्चर काढतोय."

त्यानंतर त्या भाच्याच्या लग्नाला निपाणीला गेल्या. पुढचं त्यांनी मला स्वतः सांगितलं, आणि सांगताना एकदाही स्वतःची बाजू घेतली नाही. लग्नघरातून वहिनीबरोबर शेतावर गेल्या होत्या. वहिनी बांधावर उभं राहून दाखवत होत्या, हे आपलं, ते पाटलाचं, आणि त्या ओढ्यापलीकडं बेचिराख गावची जमीन.

"बेचिराख? कुणी जाळलं?" अक्कांनी विचारलं.

वहिनी हसायला लागल्या. "जाळायला कोण मरायला येतंय हितं? वढ्याचं पाणी आटलं, माणसं उठून अलीकडं आली. आपलाच पणजा त्यातला न्हवं काय! वस्ती न्हाई ते बेचिराख. दिवा लागत न्हाई ते."

दिवा लागत नाही ते. बे-चिराग. अक्का बांधावर खाली बसल्या. वहिनींना वाटलं ऊन लागलं.

बेंगळूरला उतरल्या त्या घरी न जाता, बॅग घेऊनच तहसील कचेरीत गेल्या. तिथल्या बाबूने सांगितलं, अशी गावं ढिगाने आहेत, जिथे शेतसारा आहे पण राहणारं कुणी नाही ती सगळी दप्तरात बेचिराख. आग? आगीचा काय संबंध? मग त्या देवळात आल्या आणि मला फोन केला. मी ऑफिस सोडून पोचले तेव्हा खांबांवरून हात फिरवत होत्या. "आगीत हा दगड पापुद्रे सोडतो. एक पापुद्रा न्हाई. मी दोन वर्षं ह्या दगडांना हात लावालेय, आणि बघितलं काय मी? कान उघडे ठेवून डोळे मिटले मी."

मग तळ्यापलीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "होसहळ्ळी. नवी हळ्ळी, म्हंजे नवं खेडं. नवी म्हटल्यावर आधी एक जुनी असणार का न्हाई? ती ही. माणसं कुठं गेली म्हणून आपण रडालोय, आणि ती समोर धुणं वाळत घालालीत." खरोखरच समोर धुणं वाळत होतं. होसहळ्ळीत एक लहानसं कौलारू देऊळ आहे, त्यातला देव फार जुना आहे, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. हाच का तो उचलून नेलेला देव? मी हुरळून विचारलं. अक्कांनी हवेत तुटक रेघ मारली. पण ती मारताना हसल्या, एवढं मला आठवतं.

त्या माणसांनी गाव सोडताना आपला देव हातांनी उचलला, तळ्याच्या बांधावरून पलीकडे नेला आणि पुन्हा बसवला असेल तर ती केवढी मोठी गोष्ट आहे! मला तर ती जळण्यापेक्षा मोठी वाटली. पण तशी ती सगळ्यांना वाटेल, हा माझा भाबडेपणा होता.

तोवर सबनीसांनी फलक तयार करून घेतला होता. काळा गुळगुळीत ग्रॅनाइट, कन्नड आणि इंग्रजीत कोरलेला मजकूर, मधोमध वाक्य, अर्थ असा: शत्रुसैन्याने हे गाव जाळून बेचिराख केले. तळाशी अक्कांचं नाव. अक्का मला घेऊन त्यांच्या घरी गेल्या आणि सगळं सांगितलं. सबनीसांनी शांतपणे ऐकून घेतलं. चहा झाला.

"अक्का, तुमचं बरोबर असेल," ते म्हणाले. "पण मी तुम्हाला व्यवहार सांगतो. जळलेलं गाव लोकांच्या लक्षात राहतं. त्याच्यासाठी लोक येतील, कुंपण घालू, कोर्टात भांडू. नुसत्या उठून गेलेल्या गावासाठी कोण येणार? त्यात इतिहास कुठे आहे?"

"तुम्ही सोलापूर का सोडलंत?" अक्कांनी विचारलं.

"मी? नोकरीसाठी. पोटासाठी."

"कुणी जाळलं नव्हतं न्हवं? मी पण निपाणी सोडली, कुणी जाळली न्हाई. ही पुण्याची हितं आलीय, पुणं हाय तिथंच हाय. ह्या टॉवरमधी एक घर दाखवा जे कुठनं तरी उठून आलेलं न्हाई. आणि उठून आलेल्यांना इतिहास न्हाई म्हणता? मग आपण कोण हाय, साहेब?"

सबनीसांनी रिकामा कप उचलून पुन्हा ठेवला. त्यांना ते लागलं असावं. पण दगड कोरून झाला होता, पाहुणे ठरले होते, आणि कोरलेला दगड परत पाठवायला लागते ती हिंमत त्यांच्याकडे नव्हती. "कार्यक्रम होऊ द्या. नंतर बघू," एवढंच म्हणाले. नंतर बघू म्हणजे काय, हे सोसायटीत राहणाऱ्या कुणालाही कळतं.

अनावरणाच्या रविवारी मंडप भरलेला होता. पाहुण्यांनी दोरी ओढली, पडदा पडला, टाळ्या झाल्या. सबनीसांनी संशोधिका म्हणून अक्कांना शाल द्यायला बोलावलं. अक्का गेल्या, माइक हातात घेतला आणि शाल तिथल्याच खुर्चीवर ठेवली.

आधी कन्नडमध्ये बोलल्या, मग मराठीत. दोन्हीकडे तेच. "ह्या दगडावर जे लिवलंय ते मी सांगितलेलं हाय. ते चूक हाय. बेचिराख म्हंजे जाळलेलं न्हवं. बेचिराख म्हंजे जिथं आता दिवा लागत न्हाई ते गाव. हितं कुणी सैन्य आलेलं मला सापडलं न्हाई. माणसं तळ्यापलीकडं गेली. का गेली, ते मला म्हाईत न्हाई. ज्यानं कुणी माझ्या नावावर आग लावली, त्यानं ती विझवावी. मी माझी विझवालेय."

सबनीस खालच्या आवाजात म्हणाले, "अहो अक्का, एवढ्या लोकांसमोर?"

माइक चालू होता. "चूक पण एवढ्याच लोकांसमोर केली होती की."

त्या दिवसानंतर अर्ध्या सोसायटीने त्यांच्याशी बोलणं टाकलं. लिफ्टमध्ये लोक फोनमध्ये बघत. कुणी म्हणालं म्हातारीला विस्मरण झालंय, कुणी म्हणालं पैसे खाल्ले. तलवारीवाली पोस्ट पुन्हा फिरली, फक्त तळाचं नाव गाळून. यानं अक्का खचतील असं मला वाटलं होतं. त्या रोज संध्याकाळी फलकाशेजारी स्टूल टाकून बसू लागल्या. फलक वाचायला कुणी थांबलं की म्हणायच्या, "मधलं वाक्य सोडून वाचा. ते खोटं हाय. कशावरून, विचारा." बरेचसे विचारत नसत. काही विचारत. होसहळ्ळीच्या दोन-तीन बायका मुद्दाम तळ्यावरून ऐकायला आल्या आणि त्यांनी विचारलं, मग आमचेच लोक का हो इथले? अक्का म्हणाल्या, असतील. त्या बायका देवळात जाऊन बराच वेळ बसल्या. चपला त्यांनी न सांगता बाहेर काढल्या होत्या.

बाशाच्या दुकानाचा विषय असोसिएशनमध्ये आणखी दोनदा निघाला. दोन्ही वेळा अक्का उठून उभ्या राहिल्या आणि "कशावरून?" एवढंच म्हणाल्या. तिसऱ्यांदा तो कुणी काढला नाही. दुकान आजही तिथेच आहे आणि माझ्या स्कूटरच्या हवेची सोय होते.

पण दगड होताच. त्यावर वाक्य होतं आणि त्याखाली त्यांचं नाव. त्यांनी असोसिएशनला चार वेळा सांगितलं, हे वाक्य काढा. चारही वेळा नंतर बघू. तोवर त्यांची तब्येत उतरली होती. थोडं चाललं तरी धाप लागे. बेळगावची भाची न्यायला येणार होती. "मी गेल्यावर माझं नाव हितं ह्या वाक्याखाली ऱ्हाणार," त्या एकदा मला म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांना त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. मला त्यांच्यापेक्षा जास्त रडू आलं, आणि त्यावरून त्यांनी मला झापलंसुद्धा.

भाची यायच्या आदल्या दिवशी, चांगल्या लख्ख उन्हात, त्या फलकासमोर स्टूल टाकून बसल्या. कारखान्यातला जुना गॉगल डोळ्यांवर, डोक्याला टॉवेल, एका हातात छिन्नी, दुसऱ्यात हातोडी. ठक. ठक. ठक. मी धावत गेले तर म्हणाल्या, "लांब ऱ्हा." बाशा दुकानातून आपली मोठी हातोडी घेऊन आला, म्हणाला, "अक्का, मै मारतूं ना, तुमे बैठो." अक्कांनी गॉगल वर केला. "तू तर अजिबात हात लावू नको. तुझा हात लागला तर गोष्टच बदलंल. जा, टायर बघ जा."

ग्रॅनाइट कठीण. एकेका अक्षराला वेळ लागत होता. आधी त्यांनी 'सैन्य' काढलं, मग 'जाळून'. दगडाची पांढरी पूड त्यांच्या साडीवर, भुवयांवर, टॉवेलवर बसत होती. मधे थांबायच्या, छातीवर हात ठेवून श्वास घ्यायच्या, पुन्हा ठक. टॉवरच्या गॅलऱ्यांत माणसं जमली. वरून कुणीतरी ओरडलं, कुणीतरी व्हिडिओ काढत होतं. सबनीस खाली आले आणि भिंतीपाशीच उभे राहिले. पोलिसांना फोन कुणी केला ते मला माहीत नाही. त्यांनी केला नसावा. केला असेलही.

एक तरुण कॉन्स्टेबल मोटरसायकलवरून आला. गर्दी बघितली, अक्कांना बघितलं, गोंधळला. पंच्याहत्तरीच्या बाईला काय म्हणायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नसणार. जवळ येऊन त्याने जमेल तेवढा दरारा आणून विचारलं, "एनम्मा इदु? यारदु ई कल्लु?" काय चाललंय हे, कुणाचा हा दगड?

अक्कांनी वर बघितलं. गॉगलच्या काचांवर पूड बसली होती, त्यांना तो नीट दिसतही नसेल.

"कल्लु अवरदु," त्या म्हणाल्या. "सुळ्ळु नंदु."

दगड त्यांचा. खोटं माझं.

कॉन्स्टेबल हात खाली सोडून उभा राहिला. अक्कांनी छिन्नी पुढच्या अक्षरावर ठेवली.